शेततळ्यातले मासे मेले, म्हणजे बॉट्युलिझमच का?

दादा, मोहोळच्या शेततळ्यात तीन दिवस रोहू-कटला मरतायत, शेजारी बॉट्युलिझम (एका जिवाणूच्या विषाने मासा लुळा पडून मरतो तो आजार) म्हणतो, आणि मेलेले स्वस्तात विकावेत का, असं विचारलंय तुम्ही.

आधी पहाटे पाचला बॅटरी घेऊन तळ्यावर जा. सगळे मासे वर तोंड काढून धापा टाकत असतील आणि ऊन चढल्यावर सावरत असतील, तर घोळ ऑक्सिजनचा आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा तोच असतो. माझं एक तळं असंच गेलं, आणि मी आठ दिवस औषधं शोधत बसलो होतो.

बॉट्युलिझमचा मासा वेगळा दिसतो. अंगावर जखम नाही, पण तोल गेलेला. तळाशी जातो, धडपडत वर येतो, पुन्हा बुडतो. हे विष मज्जातंतूच्या टोकाला अ‍ॅसिटिलकोलीन हे निरोप नेणारं रसायन सुटू देत नाही, मग स्नायूला हुकूमच पोचत नाही. शेवटी कल्ले थांबतात.

हे विष करणारा जिवाणू बीजाणूच्या, म्हणजे टणक कवचातल्या झोपलेल्या रूपात गाळात वर्षानुवर्षं पडून राहतो. हवा नसलेली जागा आणि कुजणारं मांस मिळालं की जागा होतो, म्हणजे तळाशी राहिलेला मेलेला मासा. तो दुसऱ्याने खाल्ला की विष पुढे. खाली प्लॅस्टिक कागद आहे म्हणून निर्धास्त राहू नका. उरलेलं खाद्य आणि विष्ठा मिळून त्यावरही गाळ साचतोच. माशांत मुख्यतः ई प्रकारचं विष सापडतं. डेन्मार्कच्या ट्राउटवाल्यांनी १९७०च्या दशकात याचा मार खाल्ला, मिसिसिपीतल्या तळ्यांतल्या कॅटफिशमध्येही तेच निघालं. अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या ईरी सरोवरात १९९९पासून गोबी मासे आणि त्यांच्यावर जगणारे लून पक्षी असेच मेले. म्हणून उजनीच्या काठाला मेलेली चिलापी दिसली की मला आधी पक्ष्यांची काळजी वाटते.

मेलेला मासा दिसला की लगेच काढा, लांब चुना टाकून पुरा, कुत्र्या-कोंबड्यांना घालू नका. खाद्य बंद ठेवा, पंपाने पाणी उडवा. दुकानदार अँटिबायोटिक देईल. तयार झालेल्या विषावर त्याचा उपयोग नाही. लुळा पण जिवंत मासा मिळाला तर मत्स्यव्यवसाय खात्याला लगेच फोन करा, तपासणीला त्याचंच रक्त कामाचं.

विकायचं मात्र साफ नाही. ८५ अंशांवर पाच मिनिटं शिजवलं की विष मोडतं हे खरं, पण बीजाणू साध्या उकळीला दाद देत नाहीत, आणि अर्धवट खारवलेल्या माशात पुन्हा विष तयार होऊ शकतं.

कोणत्या वेळी, किती आणि केवढे मासे मेले ते कळवा. मोठे आधी गेले असतील, तर मी अजून ऑक्सिजनवरच बोट ठेवीन.