मिरजेहून जर्मनीत नर्स म्हणून येताना

तू लिहिलंयस की मिरजेत जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालाय, आयसीयूत 4 वर्षं काढलीस आणि एक एजंट 3 लाख घेऊन 'सहा महिन्यांत जर्मनीत स्टाफ नर्स' करून देतो म्हणतोय. ताई म्हणून विचारतेयस, तर ताई म्हणूनच सांगते, त्याला एक रुपयाही देऊ नकोस. भरतीचा खर्च मालकाने सोसायचा, नर्सकडून काही घ्यायचं नाही, ही अट पाळणाऱ्यांसाठी इथे जर्मनीत 'फेअरे आनव्हेर्बुंग फ्लेगे डॉइचलांड' (जर्मनीत नर्सिंगसाठी रास्त भरती) नावाचा सरकारी शिक्का आहे. एजन्सीकडे तो आहे का, ते बघ. करारात 'मध्येच सोडलंस तर इतके युरो परत' असं कलम असतं. ते न वाचता सही केल्यामुळे मी माझ्या पहिल्या नोकरीत नको तितके दिवस अडकून राहिले.

सहा महिन्यांचं गणितही खोटं आहे. नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळायला जर्मन भाषा साधारण बी 2 पातळीची लागते, म्हणजे भाषेच्या सहा पायऱ्यांपैकी चौथी; बी 1 ही तिच्या खालची. मला नुसत्या बी 1 ला 11 महिने लागले, तेही ड्युटी सांभाळून, एसटीत शब्द पाठ करत.

मान्यतेचं असं आहे. ज्या राज्यात नोकरी, तिथलं कार्यालय तुझा अभ्यासक्रम इथल्या 3 वर्षांच्या शिक्षणाशी ताडून बघतं आणि काय कमी पडतं ते लेखी कळवतं. मग एकतर ठरावीक महिने वॉर्डात प्रशिक्षण घ्यायचं, नाहीतर परीक्षा द्यायची. ही कमतरता अनुभवानेही भरून निघते, पण तो कागदावर दिसायला हवा. 'चार वर्षं समाधानकारक काम केले' एवढं एका ओळीचं पत्र उपयोगाचं नाही. कुठला वॉर्ड, कधीपासून कधीपर्यंत, व्हेंटिलेटर, डायलिसिस, काय काय हाताळलंस, सगळं लिहून घे. कॉलेजकडून विषयवार तासांचा तक्ताही घे. नोकरी सोडल्यावर हे कागद मागायला गेलीस तर हेलपाटे घालावे लागतील.

मान्यता हातात येईपर्यंत तू सहायक असतेस, पगारही सहायकाचाच. माझे ते 10 महिने फार जड गेले. आपल्याकडे पेशंटला अंघोळ घालणं, भरवणं मावशी नाहीतर नातेवाईक करतात. इथे ते नर्सचंच काम, मान्यता मिळाल्यावरही. उलट आपण डोळे मिटून लावतो ती सलाईनची सुई बऱ्याच ठिकाणी डॉक्टर लावतात. केरळची एक मैत्रीण याच अपमानाने परत गेली. मला वाटतं, तिला हे कुणी आधी सांगितलं असतं तर ती टिकली असती. अंग पुसताना पाठीवरचा लाल डाग नर्सलाच पहिल्यांदा दिसतो, बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, तिथेच अडते. हे मला इथे येऊन कळलं.

भाषेचं खरं पाणी वॉर्डातच कळतं. मी श्टुटगार्टजवळ आहे, इथली बोली श्वेबिश. एक आजी 'फूस दुखतोय' म्हणत होत्या. पुस्तकात फूस म्हणजे पाऊल, म्हणून मी पाऊल तपासत बसले. त्यांचं दुखत होतं मांडीला! श्वेबिशमध्ये फूस म्हणजे मांडीपासून खाली अख्खा पाय, अगदी आपल्या 'पाय'सारखा. आकड्यांतही मराठी कामी येते. चोवीसमध्ये आपण आधी चार म्हणतो, तेही तसंच म्हणतात, त्यामुळे फोनवर लॅबचे आकडे घेताना मी चुकत नाही. पण नाही कळलं तर 'पुन्हा सांगा' म्हणायचंच, लाजायचं नाही. औषधाच्या डोसमध्ये अंदाज चालत नाही.

जर्मनचा क्लास याच महिन्यात लाव. आणि करार आला की सही करण्याआधी मला पाठव, आपण दोघी बसून एकेक कलम वाचू.