फ्रेममधली पट्टी घसरते? काचेला चिकटवू नका

काच आणि चित्र यांच्यामधली वरची पट्टी सुटून कोळशाच्या चित्रावर तिरकी पडली, आता ती सुपरग्लूने चिकटवू का, असं तुम्ही विचारलंय. वाचून जुनी चीड पुन्हा वर आली. उत्तर आधी देतो: सुपरग्लू नको. बंद फ्रेममध्ये त्याची वाफ काचेवर पांढरट धुरकट थर धरते.

स्पेसर, म्हणजे काच चित्राला टेकू नये म्हणून मध्ये घातलेल्या या पट्ट्या, किती जाडीच्या घ्यायच्या हे तुम्हाला ठाऊक असणारच. प्रश्न फक्त ते टिकवायचे कसे एवढाच आहे.

माझ्या पेस्टलच्या चित्राला एका फ्रेमवाल्याने चारही पट्ट्या डबल टेपने थेट काचेला चिकटवून दिल्या. दिसायला सुरेख. उन्हाळ्यात टेप सैल झाली आणि वरची पट्टी आभाळाचा अर्धा रंग खरवडत खाली आली. परत नेली तर "भिंत तापत असेल" म्हणाला आणि तीच पट्टी सिलिकॉनने बसवून दिली. फ्रेम उघडली की व्हिनेगरचा भपकारा! तसा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं, आणि कागदाशेजारी ॲसिड कोंडून ठेवणं म्हणजे दुखण्यापेक्षा औषध जालीम. त्याला हे सांगितलं तर "आम्ही सगळ्यांना असंच करून देतो". चित्राचं जे गेलं ते गेलंच. पेस्टल पुन्हा भरता येतं, पण ते मग तेच चित्र राहत नाही.

माझं मत असं की पट्टी गोंदाने नाही, मापाने टिकते. वरची आणि खालची पट्टी आधी, फ्रेमच्या आतल्या पूर्ण रुंदीची. मग उभ्या दोन त्यांच्या मध्ये, अर्धा मिलिमीटर जास्त लांब कापून दाबून बसवायच्या. उभ्या पट्ट्या वरचीला टेकू देतात, मग ती पडेल कुठे? जास्त लांब झाली तर जोर लावू नका, पॉलिश पेपरवर टोक घासा. नाहीतर पट्टी मधोमध फुगते आणि समोरून डोकावते. कोपऱ्यांना ४५ अंशाचे काप देण्याचा सोस करू नका. सरळ कापलेलं टोकच पुरेसा टेकू देतं.

गोंद हवाच असेल तर सुतारकामाचा पांढरा, आणि तो पट्टीच्या फ्रेमकडच्या बाजूला, दोन-तीन ठिपके. काचेला एक थेंबही नाही. मागून बंद करण्याआधी पूर्ण दिवस सुकू द्या, ओल आत कोंडायला नको. तोटाही सांगतो: पुढे काच फुटली तर पट्ट्या पात्याने उचकटाव्या लागतात. म्हणून लहान फ्रेमला मी गोंद लावतच नाही. मोठ्या फ्रेमच्या लांब बाजूंना मात्र मध्यावर एक ठिपका लागतोच.

लाकडी पट्टी लाकडाच्या रेषांच्या (धाग्यांच्या) दिशेने कापलेली असेल तर तिची लांबी हवामानाने फारशी बदलत नाही, त्यामुळे घट्ट बसवलेलं माप टिकतं. मात्र लाकडातलं ॲसिड कागदात उतरतं, म्हणून चित्राला टेकणारी बाजू ॲसिडमुक्त कागदाने मढवा. पट्टीची रुंदी फ्रेमच्या काच अडवणाऱ्या पुढच्या कडेपेक्षा कमी ठेवा. ती कड साधारण ६ मिलिमीटर असते, पण तुमची मोजून बघा.

फ्रेम विकत घेण्यापूर्वी तिच्या आतल्या खोलीची बेरीजही करा: २ मिमी काच, ५ मिमी पट्टी, दीड मिमी माउंट (चित्र बसवायचा पुठ्ठा), ३ मिमी मागचा बोर्ड, म्हणजे साडेअकरा. शिवाय बोर्ड धरणाऱ्या खिळ्यांना जागा हवी. दहा मिमी खोलीच्या फ्रेममध्ये हे सगळं कोंबलं की मागचा बोर्ड बाहेर येतो आणि सगळं ढिलं पडतं.

मी व्यवसायाने फ्रेमर नाही, स्वतःची चित्रं स्वतः बसवतो एवढंच. चित्र मौल्यवान किंवा जुनं असेल तर कागद-संवर्धकाला दाखवा. कोळसा-पेस्टलवर साधी ॲक्रिलिकची शीट तर घालूच नका, पुसली की तिच्यात स्थिर वीज येते आणि भुकटी ओढून घेते.

आणि आत्ता तुमची फ्रेम उघडायला नेताना ती पालथी घालू नका, काच वर ठेवूनच आडवी न्या. मागचं उघडायला पालथी करावीच लागेल, तेव्हा हळू करा. सुटलेली पट्टी ओढून काढू नका. मागचा बोर्ड आणि चित्र एकत्र सरळ वर उचला, पट्टी काचेवरच राहू द्या.