वीस मिनिटांचे पैसे, नऊ मिनिटांचे उड्डाण

प्रश्न : गेल्या ऑक्टोबरात आम्ही पतीपत्नी हिमाचलातील बीर-बिलिंगला पॅराग्लायडिंगसाठी गेलो होतो. पहिल्या दिवशी लख्ख ऊन असूनही चार तास ताटकळत ठेवून आम्हाला जीपने खाली पाठवले. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटे म्हणून सांगितलेले माझे उड्डाण नऊ मिनिटांत आटोपले. पत्नीला तर पायलटने मैदान सोडून भाताच्या कापलेल्या शेतात उतरवले आणि तिचा घोटा मुरगळला. आयोजक पैसे परत देत नाही. ही फसवणूक नव्हे काय? – एक वाचक, सातारा

उत्तर : पहिल्या दिवसाबद्दल आयोजकाला दोष देता येणार नाही. बिलिंगला ऊन असले, तरी मागे धौलाधारच्या डोंगररांगेवर ढग उंच चढू लागले की त्यांच्याखालची हवा वेगाने वर खेचली जाते आणि त्या ओढीतून पॅराग्लायडरला खाली येणे अवघड होते. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियात मॅनिला येथे एवा विश्निएर्स्का ही जर्मन पायलट अशाच ढगात ओढली जाऊन 9,900 मीटरांहून अधिक उंचीवर पोहोचली, बेशुद्ध झाली, तरीही वाचली. त्याच वादळात सापडलेला एक चिनी पायलट मात्र दगावला.

नऊ मिनिटांचा हिशेबही सोपा आहे. उड्डाण घेतात ते बिलिंग सुमारे 2,400 मीटरांवर, तर उतरतात ते बीर त्याहून साधारण हजार मीटर खाली आहे. शांत हवेत दोन माणसांचे ग्लायडर सेकंदाला मीटरभर किंवा थोडे अधिक उतरते, म्हणजे पंधरा मिनिटे धरावीत. वर जाणारी हवा मिळाली तर वेळ वाढतो, खाली येणारी मिळाली तर घटतो. त्यामुळे मिनिटांचे आश्वासन मुळात द्यायलाच नको होते, आणि तेवढ्यापुरती आपली तक्रार रास्त आहे. समोरून वारा जोराचा असेल, तर मैदानाचा हट्ट धरून तारांवर किंवा झाडांवर जाण्यापेक्षा मोकळे शेत गाठणे हेच पायलटचे काम होते.

घोट्याची गोष्ट मात्र वेगळी. उतरताना पाय कधी उचलायचे आणि धावायचे केव्हा, हे उड्डाणापूर्वी समजावून सांगितले होते का? सांगितले नसेल, तर आयोजकाला पाठवायच्या पत्रात पैशांआधी तेच लिहावे आणि उपचाराची बिले सोबत जोडावीत.