चोडणच्या धक्क्यावरचा जिमी

"जिमी अजून रोज संध्याकाळी धक्क्यावर जातो, मॅडम. आणि मी? बाराव्यानंतर पोटभर जेवले. मग ह्यांच्यावर जास्त माया कुणाची?"

गोव्यातल्या चोडण बेटावरून, यजमान गेल्यावर माझ्याकडे आलेल्या बाईंचा हा पहिलाच प्रश्न. जिमी हा त्यांच्या घरचा कुत्रा. (त्यांना विचारून लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारलाय, बहुतेकदा खालच्या आवाजात.

त्यांचे यजमान पणजीला नोकरीला होते. संध्याकाळी रायबंदरहून फेरीबोट, चोडणला उतरलं की खिशातला अर्धा उंडा, म्हणजे गोल पाव, जिमीला. वर्षानुवर्षं हेच. एक दिवस ऑफिसातच हृदय बंद पडलं. घरी आणलं तेव्हा गर्दी झाली म्हणून जिमीला मागच्या खोलीत कोंडलं होतं. आता बोट धक्क्याला टेकली की तो उठतो, उतरणाऱ्या एकेकाची पँट हुंगतो, शेवटची स्कूटर गेली की पुन्हा बसतो. त्यात पुण्याच्या लेकीने हाचिकोची गोष्ट पाठवली. टोकियोचे प्राध्यापक उएनो १९२५ मध्ये गेले आणि तो कुत्रा १९३५ पर्यंत, स्वतः मरेपर्यंत, शिबुया स्टेशनवर येत राहिला. ती वाचून बाई रात्रभर जाग्या होत्या.

मी म्हटलं, "तुम्ही त्यांच्या तोंडात तुळशीपत्र ठेवलंत, सुतक पाळलंत, भेटायला आलेल्यांपाशी रडलात. जिमीला यातलं काय कळलं? मला वाटतं, त्याच्या लेखी ते अजून पणजीहून यायचेत. तुम्ही जेवलात, कारण ते येणार नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यात माया कुठे कमी झाली?"

बाई बराच वेळ रडल्या. मी पंखा थोडा कमी केला, बोलले काही नाही.

मग कळलं, जिमी चार दिवस पेजेलाही तोंड लावत नव्हता. घरचे म्हणत होते, झुरतोय. इथे मात्र मी अडून बसले. दुःखाच्या नावाखाली आजार लपतो. माणसांत हे मी फार पाहिलंय. हाचिकोच्या अवयवांची पुढे तपासणी झाली, तेव्हा कर्करोग निघाला, हृदयात जंतही होते. कुत्र्याने एक-दोन दिवस अन्न सोडलं तर आधी जनावरांचा डॉक्टर गाठा, असं मी सगळ्यांनाच सांगते. जिमीला गोचिडांमुळे येणारा ताप निघाला. औषध सुरू झालं आणि तो खायला लागला.

त्याला दिचोलीला नातेवाइकांकडे सोडायचं मुलाच्या मनात होतं. मी नको म्हटलं. त्याचं माणूस गेलंय, निदान घर आणि वाट तरी राहू दे. कपडे सगळे वाटून झाले होते, फक्त दारामागे एक रेनकोट होता. न धुता तो जिमीच्या पोत्यावर घालायला सांगितला. आणि संध्याकाळी त्याला बांधू नका, सोबत जा, म्हटलं.

दीड महिन्याने बाई आल्या. पर्समधून कागदात गुंडाळलेला उंडा काढून दाखवला.

"आता दोनच फेऱ्या बघतो, मॅडम. मग मी हा काढते. अर्धा त्याला, अर्धा मला. आणि घरी येतो."