चाळीस गणितांचा हिशोब

प्रश्न : माझी मुलगी बडोद्याला एम. एस. युनिव्हर्सिटीत गणित घेऊन टी.वाय. बीएस्सीला आहे. बारावीनंतर तिने इंजिनिअरिंगला नकार दिला, तो आम्ही मान्य केला. आता निदान एम.एससी. तरी आयआयटीतून व्हावी अशी अपेक्षा आहे. फेब्रुवारीत जॅम, म्हणजे त्यासाठीची प्रवेश परीक्षा आहे. पेपरात ३ तासांत ६० प्रश्न असतात. त्या हिशोबाने रोज संध्याकाळी ३ तासांत किमान ४० अवघड गणितं व्हायलाच हवीत, असं मी ठरवून दिलंय. रोजचा आकडा मी वहीत लिहितो. नवरात्रातही खंड पडू दिला नाही. आकडा पूर्ण होतो, पण टेस्ट सिरीजमधले गुण आहेत तिथेच आहेत. हल्ली ती दार लावून बसते, चुकलेली पानं फाडून टाकते. आणखी अवघड गणितांचं एखादं पुस्तक सुचवावं.
– एक पालक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : नमस्कार. पुस्तकाचं नाव देत नाही, कारण तुमच्या घरातली अडचण पुस्तकाची नाही. ती फाडलेल्या पानांची आहे, आणि ते वाक्य तुम्ही जाता जाता लिहून लगेच पुस्तकाकडे वळलात.

गणित आवडतं म्हणून इंजिनिअरिंगला नाही म्हणणारी मुलगी स्वतःच्या हाताने लिहिलेलं पान का फाडते? चुकलं म्हणून नव्हे. गणित करणाऱ्याचं रोजच चुकतं. कोणीतरी बघेल म्हणून फाडते. तुमच्या वहीत सुटलेल्या गणितांना रकाना आहे, अडलेल्यांना नाही. पाऊण तास झटूनही जे सुटलं नाही ते तुमच्या हिशोबात शून्य. मग मुलगी पुरावाच नाहीसा करते.

आता तो आकडा. तो रोज भरतो हे वाचून तुम्हाला समाधान वाटत असेल, मला काळजी वाटली. खरोखर अवघड अशी चाळीस गणितं एका संध्याकाळी कोणाचीच होत नाहीत, तिला शिकवणाऱ्या प्राध्यापकांचीही नाहीत. म्हणजे एकतर ती सोपी गणितं निवडते आहे, किंवा दोन मिनिटं बघून उत्तर उघडते, ‘हं, कळलं’ म्हणते आणि पुढे जाते. यात तिची लबाडी बघू नका. तुम्ही आकडा मागितलात, ती आकडा देते आहे. टेस्टमधले गुण का हलत नाहीत याचं उत्तर इथेच आहे.

पेपर ३ तासांचा आणि प्रश्न ६०, म्हणजे एका प्रश्नाला ३ मिनिटं. म्हणून सरावातही गणित ३ मिनिटांत सुटायला हवं, हा समज फार घरांत आहे. पेपरातली ३ मिनिटं हे सरावाचं फळ आहे, सरावाची रीत नव्हे. माणिकरावांच्या आखाड्याच्या गावात राहता तुम्ही. कुस्ती काही मिनिटांत निकाली निघते म्हणून पैलवान रोज तेवढीच मिनिटं मेहनत करतो का?

एक गणित सांगतो, तिलाही दाखवा. कागदावरून पेन न उचलता काढलेला, दोन्ही बाजूंना न संपणारा आलेख घ्या, म्हणजे संपूर्ण रेषेवरचं कंटिन्युअस फंक्शन. तो ज्या ज्या उंचीला जातो, त्या प्रत्येक उंचीला बरोबर दोनदाच जायला हवा. असं फंक्शन असतं का? पहिल्यांदा सगळे पॅराबोला, म्हणजे वाटीसारखा आलेख काढतात. सगळीकडे दोनदा जमतं, पण अगदी तळाशी एकदाच. पान एक, वाया. मग तळाची उंची आणखी एका ठिकाणी गाठून बघायची. तर तिच्या जवळच्या उंची तीनदा नाहीतर चारदा येतात. पान दोन, वाया. दुसरा तळ आत घे, बाहेर ने, उलटा करून शिखर काढ, प्रत्येक वेळी त्याच जागी बिघडतं. आणि मग कधीतरी लक्षात येतं की हे आपल्या चित्राचं दुर्दैव नाही. समान उंचीच्या दोन बिंदूंच्या मधे आलेखाला एक शिखर किंवा तळ असणारच, आणि तोच दरवेळी आडवा येतो. असं फंक्शन नाही, आणि ते का नाही याची सिद्धता त्या ‘वाया’ पानांवरच लिहिलेली असते. गंमत पुढे आहे: दोनदाच्या जागी ‘बरोबर तीनदा’ म्हणा, की असं फंक्शन असतं. एक पायरी वर, एक खाली, पुन्हा एक वर, असं नागमोडी चढत जाणारं. हे ज्याला स्वतःला सापडलं त्याला इंटरमीजिएट व्हॅल्यू थिअरम (पेन न उचलता काढलेला आलेख दोन उंचींच्या मधली प्रत्येक उंची गाठतोच) पाठ करावा लागत नाही. या एका गणितात तिची अख्खी संध्याकाळ गेली तर तुमच्या वहीत काय लिहिणार? १?

परीक्षेच्या दृष्टीनेही बघा. जॅमच्या १०० गुणांपैकी ५० गुणांच्या ३० प्रश्नांत एकच पर्याय बरोबर असतो आणि चुकलं तर त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग कापला जातो. पण १० प्रश्न असे असतात की त्यांत एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात. नेमके सगळे निवडले तर २ गुण, नाहीतर शून्य. ‘असं नेहमी असतं का? उलट उदाहरण आहे का?’ ही सवय ज्याला आहे त्यालाच ते जमतात. उरलेल्या २० प्रश्नांना पर्यायच नसतात, आकडा स्वतः काढून भरायचा. ‘बघून कळलं’वाला अभ्यास बरोबर याच दोन भागांत उघडा पडतो. तिच्या टेस्टचे भागवार गुण काढून बघा, म्हणजे तिला बघू द्या.

शिवाय वाट एकच नाही. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या (आयएसआय) एम.मॅथ आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या एम.एससी.च्या प्रवेश परीक्षेत सिद्धता सविस्तर लिहावी लागते. तिथे उत्तर जुळलं एवढ्याने भागत नाही. या मुलीला त्या परीक्षा जास्त मानवतील असं मला वाटतं. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेखही नाही, कारण तुम्हाला गणित नको आहे, आयआयटी हवी आहे. स्पष्ट लिहितो म्हणून रागावू नका. जेईई तिने दिली नाही, ती तुम्ही आता जॅमच्या दाराने वसूल करता आहात. ‘नकार मान्य केला’ असं लिहिलंत, पण त्याच वाक्यापुढे ‘निदान’ आणि ‘तरी’ आलंच.

आणि नवरात्र. बडोद्यात वाढलेल्या विशीतल्या मुलीला नऊ रात्री घरी बसवलंत! बाहेर गरबा चाललेला असताना लिनिअर अल्जिब्रा किती डोक्यात शिरला असेल? त्या रात्रींचा आकडाही पूर्ण भरला असणार, याची मला खात्री आहे.

आता करायचं काय. वही बंद करा, आणि बंद केली हे तिला सांगा. नुसती कपाटात ठेवू नका, तिला वाटेल तुम्ही मनात मोजताय. जानेवारीपर्यंत दिवसाला तीन-चार गणितं पुरेत. तासभर झगडल्याशिवाय उत्तर उघडायचं नाही, आणि उघडलंच तर दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर न बघता पुन्हा लिहायचं. फसलेले प्रयत्न एका फाइलमध्ये ठेवायचे. ती फाइल तुम्ही उघडायची नाही. घड्याळ लावून जुने पेपर सोडवायचे ते शेवटच्या पाच-सहा आठवड्यांत. जॅमचे जुने पेपर अधिकृत संकेतस्थळावर मिळतात, पैसे मोजायची गरज नाही. हंसा मेहता लायब्ररीत बसायला तिला आवडत असेल तर जाऊ द्या. घरचं दार लावून घेण्यापेक्षा ते बरं.

जॅम नाहीच झाली तर? तिच्याच विद्यापीठात एम.एससी. आहे. त्याला तुम्ही हार म्हणाल, मी म्हणणार नाही. तिथून पुढे टीआयएफआर, एनबीएचएम, नेट ही संशोधनाकडे नेणारी सगळी दारं उघडी असतात. उन्हाळ्यात एमटीटीएस नावाचं गणिताचं प्रशिक्षण असतं, १९९३ पासून चालू आहे. तिथे मुलांना उत्तरापेक्षा प्रश्न विचारायला लावतात. तिने अर्ज करावा. आयआयटीच्या नावापेक्षा त्या काही आठवड्यांचा तिला जास्त उपयोग होईल, हे माझं मत.

एक विनंती. पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही न वाचता. न सुटलेली दोन गणितं आणि ती त्यांत कुठपर्यंत पोचली ते तिने पाठवावं. कुठला विषय कच्चा आहे ते त्यावरून सांगता येईल.