सन्मानासाठी माणूस निवडताना
स्वयंसेवकांच्या सन्मानासाठीच्या निवड समितीत पहिल्यांदाच आला आहेस, म्हणून आधीच सांगतो. चटकन सुचणारी नावं बहुतेक मंचावर दिसणाऱ्यांची असतात. हिशेब ठेवणारी, खुर्च्या उचलणारी, रात्री-अपरात्री आजाऱ्याला दवाखान्यात नेणारी माणसं स्वतःचं नाव कधीच पाठवत नाहीत. त्यांना शोधायला तुलाच फिरावं लागेल. ज्यांना मदत मिळाली त्यांनाच विचार, अडीनडीला कोण धावून येतं? तेच नाव तीन घरांतून आलं की टिपून ठेव.

शिफारशीत ‘समाजासाठी झटणारे’ एवढ्यावर भागवू नकोस. किती वर्षं, आठवड्याला किती तास, नेमकं काम काय आणि त्याने कुणाचं काय बदललं, हे हवंच. समितीतल्या कुणाचा नातेवाईक यादीत असेल तर त्या सदस्याने चर्चेतून उठावं. यात मी तडजोड करत नाही.

जाहीर करण्याआधी त्या व्यक्तीला विचार. एका बाईंना आम्ही न विचारता मंचावर बोलावलं आणि त्या पार अवघडून गेल्या. ते मला अजून लागतं.

तारीख ठरली नसेल तर ५ डिसेंबर धर, संयुक्त राष्ट्रांनी १९८५ मध्ये ठरवलेला स्वयंसेवक दिन. आणि मानपत्रावरचं नाव छापण्याआधी त्यांच्याकडूनच तपासून घे.