कथेतलं भोक की नुसती नजरचूक?

प्रश्न : ‘फ्रेंड्स’ या अमेरिकी विनोदी मालिकेच्या पहिल्या भागात मोनिका आपल्या मैत्रिणीला, रेचलला, चँडलरची ओळख करून देते. पण पुढच्या सीझनमध्ये तर ते आधीच भेटलेले दाखवलेत. हे कथेतलं भोक, म्हणजे कथेचा तर्कच तुटेल अशी विसंगती, म्हणायचं का? (वाचक, नाशिक)

उत्तर : होय, आणि चांगलंच मोठं. फक्त ते पहिल्या भागात पडलेलं नाही, नंतर पाडलं गेलं. १९९४ चा तो भाग स्वतःपुरता चोख आहे. लग्नाच्या पोशाखात पळून आलेल्या रेचलला मोनिका एकेकाचं नाव सांगते, रॉसच्या वेळी मात्र ‘माझा भाऊ आठवतो ना?’ असं विचारते. जुना कोण आणि नवा कोण, हे लेखकांनी तिथंच ठरवलं होतं.

१९९६ च्या फ्लॅशबॅकमध्ये, म्हणजे कथेत पहिल्या भागाच्या वर्षभर आधी, रेचल आणि चँडलर एका बारमध्ये दिसतात. बारमधला अनोळखी चेहरा माणूस विसरतो, त्यामुळे ते एक वेळ चालून जातं. १९९८ च्या, थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या भागाला ही सवलत देता येत नाही. १९८७ मध्ये चँडलर रॉसच्या घरी येतो तेव्हा रेचल तिथं असतेच, आणि १९८८ मध्ये त्याला भुलवायचं कसं हे तीच मोनिकाला शिकवते. मैत्रिणीसाठी ज्याच्यावर एवढी खटपट केली, तो मुलगा सहा वर्षांत पार विसरली, हे पटत नाही. २००४ मध्ये कॉलेजच्या पार्टीत चँडलर रेचलचं चुंबन घेतो असं दाखवून उरलीसुरली पळवाटही बुजवली. विनोदासाठी भूतकाळ नव्याने लिहिला की असं होतं, आणि एवढ्या लाडक्या मालिकेत ते जास्त खटकतं.

प्रश्न : आवडत्या भागाची अशी तपासणी स्वतः कशी करावी? (वाचक, सांगली)

उत्तर : भाग तीनदा बघा. पहिल्यांदा वही बाजूला ठेवून सलग. आधीपासूनच चुका हुडकायला बसलं की गोष्टच निसटते. दुसऱ्यांदा थांबवत थांबवत, वहीत चार रकाने आखून : मिनिट-सेकंद, ठिकाण, दिवस की रात्र, आणि या प्रसंगात कोणाला नवीन काय कळलं. चौथा रकाना कंटाळवाणा वाटेल, पण खरी भोकं बहुतेक त्यातच सापडतात : पात्राला जे अजून कळलेलंच नाही त्यावर ते वागतं, किंवा जे माहीत असायलाच हवं ते विसरतं. वरचं रेचलचं उदाहरण दुसऱ्या प्रकारचं.

तिसऱ्या फेरीत फक्त संशयाच्या जागा बघा आणि प्रत्येकीला विचारा : पात्र खोटं बोलत असेल का? चुकत असेल का? मधल्या, न दाखवलेल्या वेळात हे घडू शकतं का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर ते भोक नव्हे. पात्र मूर्खासारखं वागलं, एवढ्यानं तर मुळीच नाही.

इथं हमखास फसगत होते ती आवृत्तीमुळे. टीव्हीवरच्या पुनःप्रक्षेपणात प्रसंग कापले जातात, उलट काही डीव्हीडींवर जास्तीचे प्रसंग असतात. आपल्याला ‘गायब’ वाटलेला दुवा कापलेल्या तुकड्यात असू शकतो. सबटायटल्सवरही विसंबू नका. वाक्य कानाने ऐकून मगच वहीत उतरवा.

प्रश्न : रॉस तीन सीझन एकोणतीसच वर्षांचा राहतो. आणि रुंद पडद्याच्या आवृत्तीत कडेला भलतीच माणसं दिसतात. हीसुद्धा भोकंच ना? (वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. रॉसचं वय ही सातत्यातली चूक, म्हणजे तपशिलाचा नुसता विसंवाद आहे. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या सीझनमध्ये तो एकोणतीसच सांगतो, पण त्या वयावर कथेतला कुठलाच निर्णय अडत नाही. कडेची माणसं म्हणजे कलाकारांच्या जागी उभे केलेले बदली लोक. मालिका ३५ मिमी फिल्मवर चित्रित झाली होती आणि तेव्हाच्या टीव्हीच्या अरुंद, ४:३ (रुंदी:उंची) चौकटीसाठी मांडली होती. पुढे १६:९ च्या रुंद पडद्यासाठी फिल्मचा कडेचा भागही उघडा केला आणि ते दिसू लागले. त्या प्रसंगांच्या मूळ प्रक्षेपणात ते चौकटीबाहेर होते, म्हणून त्यांचा दोष पटकथेच्या माथी मारू नका.